चाव्या कोणाकडे होत्या?

विम्याच्या क्लेमच्या फॉर्मवर एक प्रश्न होता : चोरी झाली त्या जागेच्या चाव्या तुमच्याखेरीज कोणाकोणाकडे होत्या? खाली चार-पाच ओळींची जागा सोडलेली. तिथे मी चार नावं लिहिली. त्या चौघांबरोबर मी वर्षभर एकाच ओट्यावर स्वयंपाक करत होते. मला ताप आला तेव्हा त्यातल्या एकीने दोन दिवस माझ्या उशाशी सूप आणून ठेवलं होतं. तिचं नाव लिहिताना हात अडखळला. तरी लिहिलं, कारण प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं.

केंब्रिज हे सायकलीचं गाव. जमीन सपाट, रस्ते अरुंद, आणि विद्यार्थ्याला मोटार ठेवायची तर विद्यापीठाची परवानगी लागते. माझी प्रयोगशाळा गावाच्या दक्षिणेला, ॲडनब्रुक्स हॉस्पिटलच्या आवारात होती. तिथल्या पेशी रात्री अकराला बघाव्या लागत, कधी एकला. अशा वेळी सायकल म्हणजे पायच. दोन वर्षं शिष्यवृत्तीतून पैसे बाजूला टाकून मी 1,400 पौंडांची सायकल घेतली. तिथे नोकरदारांना पगारातून हप्ते कापून सायकल देणारी 'सायकल टू वर्क' योजना आहे. पण शिष्यवृत्तीवर जगणारा संशोधक कायद्याने नोकर ठरत नाही, म्हणून ती वाट बंद होती. बाबांना किंमत सांगितली तेव्हा ते फोनवर बराच वेळ गप्प होते. त्यांची सायकल सांगलीच्या वाड्यात जिन्याखाली असायची, मागच्या चाकाला कडीचं कुलूप आणि पुढे नगरपालिकेचा बिल्ला. "तिथे सायकल कुठे ठेवतेस?" एवढंच त्यांनी विचारलं. पुढे जे काही झालं ते सगळं त्या एका प्रश्नात होतं.

आम्ही पाच जण मिल रोडजवळच्या एका जुन्या विटांच्या घरात राहत होतो. त्या भागात घरं रांगेने एकमेकांना चिकटून उभी आहेत, दार उघडलं की थेट फुटपाथ. आत एक चिंचोळा बोळ आणि त्यातूनच वर जाणारा जिना. बोळात सायकल ठेवायला घरमालकाची सक्त मनाई होती, आणि ते बरोबरच होतं. आग लागली तर वरच्यांना पळायला तेवढीच वाट. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना असा की बॅग नेतानाही भिंत खरवडली जायची. राहिली मागच्या अंगणातली लाकडी शेड. तिला एक साधं कुलूप आणि त्याच्या पाच चाव्या.

विमा घेताना मी कलमं वाचली होती, पण समजून घेतली नव्हती. सायकलीची किंमत एका वस्तूच्या मर्यादेपलीकडची, म्हणून ती वेगळी नोंदवून जादा प्रीमियम भरला. कुलूप कुलपांना दर्जा देणाऱ्या 'सोल्ड सिक्युअर'च्या सुवर्ण दर्जाचं हवं, त्याची पावती जपून ठेवायची, सायकलीची चौकट हलवता न येणाऱ्या वस्तूला जखडलेली हवी, हे सगळं माझ्या लक्षात राहिलं. एक कलम मात्र नजरेखालून गेलं आणि मनात उतरलं नाही. घरातून चोरी झाली तर बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा हव्यात, आणि इथे 'घर' म्हणजे माझी कुलूपबंद खोली. स्वयंपाकघर, बोळ, अंगण, शेड हे सगळं त्या घराबाहेर.

इंग्लंडचा कायदाही असंच मोजतो. 2004 च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे नात्यातले नसलेले तिघे किंवा अधिक जण एका छताखाली संडास-स्वयंपाकघर वाटून राहत असतील, तर त्या वास्तूत एकाहून जास्त कुटुंबं राहतात असं धरलं जातं. पाच जण झाले की घरमालकाला परवाना काढावा लागतो. आमचं ते घर कागदावर पाच घरं होतं. कायद्याने हे भाडेकरूच्या भल्यासाठी केलंय : आगीची सूचना देणारी यंत्रं, बंद होणारी दारं, पुरेशी जागा. विमा कंपनीने तीच मोजणी धरून माझ्या घराची सीमा माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवली.

नोव्हेंबरमधल्या एका रात्री शेडमधल्या तिन्ही सायकली गेल्या. शेडमध्ये जखडायला काही नव्हतं, म्हणून आम्ही त्या एकमेकींनाच बांधून ठेवत असू. माझं डी-लॉक ग्राइंडरने कापलेलं, जमिनीवर पडलं होतं. शेडचं कुलूप मात्र अभंग, कडीला उघडंच लटकत होतं. कोणीतरी लावायला विसरलं होतं. कदाचित मीही असेन. त्या रात्री मीच सगळ्यात उशिरा आले होते.

माझा क्लेम फेटाळला गेला. दुसरी सायकल आमच्यातल्या लीड्सच्या मुलाची. तिला त्याच्या आईच्या घराच्या विम्याचं संरक्षण होतं, कारण शिकायला बाहेर गेलेल्या मुलाच्या वस्तूही त्या पॉलिसीत धरल्या होत्या आणि सामायिक जागेचं कलम तिच्यात नव्हतं. त्याला पैसे मिळाले. शेड तीच, रात्र तीच, उघडं कुलूप तेच. त्याचं घर त्याच्यामागोमाग केंब्रिजपर्यंत आलं होतं. माझं सांगलीला राहिलं होतं. तिसरी सायकल लागोसच्या मुलाची. तिचा विमाच नव्हता.

कंपनीवर माझा राग होता, पण तिने लिहिल्याप्रमाणेच केलं होतं. जास्त टोचला तो फॉर्मवरचा प्रश्न. मी दर महिन्याला पैसे भरून हजारो अनोळखी लोकांच्या प्रामाणिकपणावर भरवसा ठेवत होते. ब्रिस्टलमध्ये कोणाची सायकल गेली तर तिच्या भरपाईत माझेही काही पेन्स होते, आणि त्या माणसाला मी कधी भेटणार नव्हते. ज्या चौघांना मी रोज भेटत होते, त्यांच्या आणि माझ्या मध्ये मात्र कुलूप असावं अशी अट होती. हे उलटं नाही का?

या विचारातूनच मी घरात भिशी सुचवली. महिन्याला प्रत्येकी दहा पौंड. ज्याची सायकल जाईल त्याला ते पैसे. भिशी हा शब्द त्यांना समजावून सांगितला तेव्हा सगळ्यांना तो फार आवडला. लागोसचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे याला एसूसू म्हणतात. अर्धा तास आम्ही त्याच आनंदात होतो. मग संख्याशास्त्र शिकणाऱ्या लीड्सच्या मुलाने हळूच विचारलं, "पण आपल्या सगळ्यांच्या सायकली एकाच रात्री गेल्या ना?"

तिथे माझा युक्तिवाद कोसळला. विमा चालतो तो एकाचं संकट दुसऱ्याच्या संकटाशी बांधलेलं नसतं म्हणून. 1666 साली लंडनमध्ये पुडिंग लेनमधल्या एका भटारखान्यातून आग निघाली आणि तेरा हजारांवर घरं जळाली. शेजाऱ्याला शेजारी घर उभं करून देऊ शकत नव्हता, कारण त्याचंही घर राखच झालं होतं. त्यानंतर पंधराएक वर्षांत निकोलस बार्बनने लंडनमध्ये घरांच्या आगीच्या विम्याचं दुकान काढलं, तेव्हा शेजारधर्माला न जमणारं काम पैशांवर सोपवलं गेलं. जवळची माणसं एकाच शेडमध्ये, एकाच बोळात, एकाच छपराखाली असतात. बुडाली तर बरोबर बुडतात. आपलं नुकसान भरून देता येतं ते लांबच्या, न दिसणाऱ्या माणसांना. तेव्हा कंपनीच्या त्या अटीत माझ्या मैत्रिणीवरचा संशय मी वाचला होता, तो तितकासा तिथे नव्हता. पाच चाव्या म्हणजे विसरायला पाच माणसं, एवढाच तो हिशोब होता.

पण हिशोब पटला म्हणून ती चार नावं लिहितानाचं वाईट वाटणं खोटं ठरत नाही. भरपाई आणि राखण ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तेव्हा कळलं. भरपाई अनोळखी माणसं करतात. राखण करायला सोबत राहणारीच माणसं लागतात, आणि तिचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

भिशीचे पहिल्या महिन्याचे पन्नास पौंड आम्ही परत वाटून घेतले नाहीत. त्यातून एक लोखंडी अँकर आणला आणि घरमालकाला विचारून शेडच्या फरशीत पक्का बसवला. आता जखडायला न हलणारी वस्तू होती. मी 120 पौंडांची जुनी सायकल घेतली. शेवटी येईल त्याने शेडचं कुलूप बघायचं असं ठरलं. माझी खिडकी अंगणावर होती. लवकर आलेल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यायचं : फाटक, मग पावलं, मग कडीत कुलूप बसल्याचा खट् असा आवाज. लागोसचा मुलगा असेल तर तो आवाज आल्यावर कुलूप दोनदा ओढून बघायचा.