गाईची वही, बाईची वही

तळेगाव ढमढेरे गावाबाहेर, वेळ नदीच्या अंगाला, एक वस्ती होती. दोन भाऊ, दोन जावा, म्हातारी सासू आणि गोठ्यात चार संकरित गाई. थोरला शेती बघायचा, धाकटा रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीला जायचा. सकाळची धार थोरली जाऊ काढायची, संध्याकाळची धाकटी. थोरली सातवीपर्यंतच शिकलेली, पण तिच्या वहीवर डेअरीवाल्यालाही बोट ठेवता यायचं नाही. दूध किती लिटर, फॅट किती लागली, कोणती गाय कधी माजावर आली, रेतन कधी केलं, लाळ्या-खुरकताची लस कधी टोचली, हे सगळं तारीखवार लिहिलेलं असायचं.

मार्गशीर्षात कांद्याची लागण चालू होती. तेव्हा धाकटीच्या डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं. डोळा फिरवला की आत ठणकायचा. सकाळी कुंकू लावताना तिनं एकेक डोळा झाकून करंडा पाहिला. उजव्या डोळ्याला कुंकू लालभडक दिसलं, डाव्याला विटलेलं.

"दिसभर वाफ्यात मान घालून बसतीस, उन्हाची तिरीप लागली असंल," सासू म्हणाली. डोळ्यात गुलाबपाणी घातलं. महिनाभरात नजर निवळली आणि विषय मिटला.

चैत्रात कांद्याची काढणी आली. भर दुपारी धाकटीचे पाय उचलेनात. लिंबाखाली तासभर टेकली, अंग निवलं, की पुन्हा चालू लागायची. शेजारीण बोललीच, "सावलीत बरी अन् उन्हात आजारी? कामाचा कंटाळा, दुसरं काय!" धाकटी उलटून बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी वावरात गेली, आणि सगळ्यांच्या आधी तिलाच बसावं लागलं. अशक्तपणा म्हणून कुणी ताकदीची इंजेक्शनं दिली.

श्रावणात खुरपणी करताना मान खाली घातली, की मानेपासून कंबरेपर्यंत करंट उतरायचा. हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. म्हाताऱ्या सासूनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. पंधरवड्यानं तेही थांबलं.

दर वेळी दुखणं वेगळं, कारण वेगळं आणि उतार मात्र आपोआप. त्यामुळं तिन्ही दुखणी एका माणसाची आहेत, हेच घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

भाद्रपदात थोरली डेअरीचा हिशेब जुळवत बसली होती. धाकटीच्या पाळीची धार स्वतः काढली, की त्या रकान्यात 'मी' असं लिहायची तिची सवय. तिनं मागची पानं चाळली. लागणीच्या दिवसांत सलग तीन आठवडे 'मी'. काढणीत दिवसाआड 'मी'. खुरपणीत पुन्हा पंधरा दिवस 'मी'. ती वही घेऊन चुलीपाशी गेली.

"काय गं, हे सगळं मिळून एकच दुखणं असंल तर?"

"आक्का, ते तर गेलं की कवाच."

"गाय दोन दिस वैरण सोडती अन् पुन्हा खायला लागती. म्हणून आपण लिहायचं सोडतो का?"

दोघींनी सगळं आठवून वहीत उतरवलं आणि शिक्रापूरला एका डॉक्टरबाईंना गाठलं. आजवर धाकटी दवाखान्यात "बरं वाटत नाही" एवढंच सांगायची. या खेपेला थोरलीनं वही उघडून वाचून दाखवलं. डोळा कधी गेला, कधी आला, पाय कोणत्या वेळी जड होतात, करंट कशानं येतो. बाईंनी पेनाचं लाल टोपण आधी एका डोळ्यापुढं धरलं, मग दुसऱ्या. हातोडीनं गुडघे तपासले आणि पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर डाग दिसले. आजाराचं नाव निघालं, मल्टिपल स्क्लेरोसिस.

"तुमच्या विहिरीच्या मोटारीची केबल जागोजागी सोलली गेली तर काय होईल?" पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं. "यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच नसांवरचं वेष्टण कुरतडते. डोळ्याच्या नसेवरचं गेलं की नजर अधू होते, मानेतलं गेलं की मान वाकवताना करंट येतो. आणि अंग तापलं की सोललेल्या नसेतून निरोप नीट जात नाही. ऊटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्यानं हे 1890 सालीच लिहून ठेवलंय."

धाकटी त्या वेळी रडली. उन्हात पाय थांबायचे तो कंटाळा नव्हता, हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

हा आजार मुळासकट बरा करणारं औषध अजून नाही. पण झटका आला तर स्टेरॉइडचं सलाईन आहे आणि पुढचे झटके कमी करणारी औषधं आहेत. ती जितकी लवकर सुरू होतील, तितकी नस वाचते. आता थोरलीनं पाळी बदलून घेतली आहे. पहाटेच्या गारव्यात धाकटी धार काढते आणि उन्हाच्या वेळी घरचं बघते.

वाचकांनो, ही कथा घाबरवण्यासाठी नाही. मुंग्या बी-12 च्या कमतरतेनं येतात, मधुमेहानं येतात, नस दबल्यानंही येतात, आणि हीच कारणं कितीतरी जास्त आढळतात. पण बहुधा विशी ते चाळिशीतल्या माणसाची, त्यातही जास्त करून बाईची, एका डोळ्याची नजर ठणक लागून अधू झाली, हात-पाय बधिर झाले, तोल गेला, लघवी आवरेनाशी झाली, आणि ते एका दिवसाहून जास्त टिकून महिन्यांच्या अंतरानं नव्या रूपात परत आलं, तर ते गेलं म्हणून सोडून देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. 1985 पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे, तिची पुण्यातही शाखा आहे. पण तिथवर पोचायची वाट घरातूनच सुरू होते.

उतार पडला म्हणजे आजार गेला असं नव्हे. गाईच्या वहीत चार पानं घरच्या बाईसाठी राखा. तारीख, दुखणं, किती दिवस राहिलं, कशानं वाढलं, एवढं लिहा आणि दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या.