दाखवणं आणि देणं

लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची शहरं. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आता महाराष्ट्रभर चालतो. निकालाच्या दिवसांत इथल्या चौकाचौकांत गुणवंतांचे चेहरे फ्लेक्सवर झळकतात. खाली गुण, त्याखाली क्लासचं नाव. शिकण्याचा शेवट फ्लेक्सवर होतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. त्यामुळे चाळिशीकडे झुकलेल्या बाईनं जलरंग शिकायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "पुढं काय करणार त्याचं?"

नांदेडला राहून ऑनलाइन क्लास केले, तेव्हा या प्रश्नापासून मला आडोसा मिळाला. कॅमेरा बंद, माइक बंद. ओल्या कागदावर रंग किती पसरू द्यायचा, हे कुणाच्या नजरेखाली न येता शिकता आलं. पण मी केलेल्या प्रत्येक क्लासचा शेवटचा धडा एकच होता: स्वतःचं पेज काढा, रोज काहीतरी टाका, चेहरा दिसू द्या. म्हणजे फिरून चौकातला फ्लेक्सच.

तो धडा मी सोडून दिला. प्रश्न मात्र सुटला नाही. न दाखवणं हा माझा हक्क आहे, की तो कंजूषपणा आहे? नगीना घाटावरचं पाणी मला रंगवता येतं, ते कुणीतरी आपला हात उघडपणे दाखवला म्हणून. सगळेच कॅमेरा बंद करून बसले असते, तर शिकवायला कोण उरलं असतं?

संकोची माणसाच्या बाजूनं बहिणाबाईंचं नाव हमखास घेतलं जातं. शेतात, जात्यावर गायल्या, प्रसिद्धीच्या मागं गेल्या नाहीत. खरंच आहे. पण त्या गेल्या १९५१ साली, आणि १९५२ साली गाण्यांचं पुस्तक निघालं, ते मुलानं, सोपानदेवांनी, ती गाणी आचार्य अत्र्यांपर्यंत नेली म्हणून. दाखवण्याचं काम टळलं नाही, दुसऱ्यानं केलं. आपण आपल्या संकोचाला नम्रता म्हणतो, तेव्हा असे दुसऱ्याचे कष्ट हिशेबात धरत नाही.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि सभासमारंभ टाळत. तरी कथा छापायला देत, आणि पत्रं तर इतकी लिहीत, की पुढं त्यांचे खंड निघाले. गर्दी टाळणारा हा माणूस एकेका माणसासाठी पानंच्या पानं लिहीत होता. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. काम लोकांपुढं यावं, पण त्यासाठी स्वतःला चौकात उभं करावंच लागतं असं नाही.

अर्थात जी.एं.ना नोकरी होती. लातूरात घरून रुखवत करून देणाऱ्या बाईला फोटो टाकावेच लागतात, आणि लाजण्याची किंमत तिला ऑर्डरीत मोजावी लागते. तिच्या रोजच्या स्टेटसला नाक मुरडणं ही महिन्याचा पगार येणाऱ्या माणसाची चैन आहे. छंदाला मात्र ती सक्ती नाही. त्याला लगेच दुकान करायला सांगणारा धडा म्हणूनच मला खटकतो.

गंजगोलाईचं एक चित्र मी लातूरच्या मावशीला दिलं. तिनं आधी त्यात त्यांचं जुनं दुकान शोधलं. मग म्हणाली, "सगळे रस्ते रिकामे का गं? बाजार भरलेला असताना काढ की." शंभर लाइक आले असते, तरी एवढं कुणी सांगितलं नसतं. नंतर तिनं ते चित्र शेजारच्या दोघींना नेऊन दाखवलं. माझ्या वाटचं काम तिनं केलं.

क्लासमध्ये हल्ली नवं कुणी अडलं, तर मी कॅमेरा सुरू करते आणि कागदाकडे वळवते. हात दिसतो, कुंचला दिसतो, पाणी किती घेतलं ते दिसतं. शिकणाऱ्याला तेवढंच हवं असतं.