आखाड्याची माती आणि धर्म

ज्याला मिळवावयाचे काहीच उरलेले नाही, त्या ईश्वराची सृष्टिरचना लीलेवाचून दुसरे काय असणार, असा विचार बादरायणांनी ब्रह्मसूत्रांत मांडला आहे. तो स्वीकारला, तर मनुष्याचा खेळही जितका निर्हेतुक तितका पवित्र, असे म्हणावे लागेल. परंतु मराठवाड्यातील क्रीडाभूमींचा पूर्वेतिहास पाहू लागलो, की हे अनुमान टिकत नाही, कारण येथे खेळ निर्हेतुक असा क्वचितच होता.

नांदेडच्या स्टेडियमला ज्यांचे नाव आहे, त्या गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूर येथे होळीच्या रंगखेळाला होला मोहल्ल्याचे, म्हणजे शस्त्राभ्यासाचे, रूप दिले. १७०८ मध्ये गोदातीरी त्यांनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या अवधीत जेथे भव्य वास्तू उभारविली, त्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यातून होळीला आणि दसऱ्याला आजही हल्लाबोल निघतो. उपसलेल्या तलवारी घेऊन धावणाऱ्या त्या निहंग शिखांपुढे शत्रू नसतो, तरी त्या धावण्यात उणेपणा नसतो. ते खेळत आहेत की प्रार्थना करीत आहेत, हा भेद त्यांच्या परंपरेला मान्यच नाही.

लातूर-उदगीरकडे हाच प्रश्न दफ्तरी भाषेत उभा राहिला. निजामी अमदानीत आखाडा काढावयाचा तर सरकारी परवान्याची अट होती, आणि आर्य समाजाने १९३९ मध्ये हैदराबाद संस्थानात जो सत्याग्रह केला, त्याच्या पाठीशी हवनकुंडावरील बंधनांप्रमाणेच आखाड्यांवरील निर्बंधांचेही गाऱ्हाणे होते. उदगीरचे आर्य समाजी कार्यकर्ते भाई श्यामलाल त्याआधी, १९३८ च्या डिसेंबरात, बीदरच्या तुरुंगात मरण पावले. जोर-बैठकांना राज्यसत्ता भ्यावी, हे आज नवल वाटेल. पण बलोपासना ही उपासनाच आहे, ही गोष्ट त्या सत्तेने आपल्या पंडितांहून आधी ओळखली होती, असे मला वाटते.

मात्र खेळाचे पावित्र्य त्याच्या हेतूत वा निर्हेतुकतेत शोधणे मला पटत नाही. तालमीत जाऊन पाहावे. तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मुरवलेली तांबडी माती खोऱ्याने उकरून भुसभुशीत केलेली असते, कोनाड्यात मारुती असतो, आणि आत उतरणारा मल्ल चिमूटभर माती कपाळी लावून मग सलामी देतो. घामाने पकड निसटू नये म्हणून दोघेही एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. ज्याला चीत करावयाचे, त्यालाच आपल्या अंगावर पकड मिळू द्यावयाची! युद्धाला प्रतिपक्ष नाहीसा व्हावयास हवा असतो. कुस्तीला तो उद्याही हवा असतो. माझ्या मते धर्म आहे तो येथे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा जोड लावताना पंच वजन आणि ताकद पाहतात, आणि तेवढेच पाहणे पुरेसे असते.

म्हणूनच १९३८-३९ च्या आखाड्यांविषयी माझे मन दुहेरी आहे. त्यांच्यावरील निर्बंध अन्यायाचे होते आणि ते झुगारणाऱ्यांचे धैर्य वंदनीय होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु आखाडा एकाच समाजाच्या संरक्षणाचे साधन झाला, की समोरच्या समाजातील मल्ल त्या मातीत उतरेनासा होतो, आणि अशी हानी परवान्याची अट रद्द झाल्याने आपोआप भरून येत नाही.