प्रश्नांची चिठ्ठी

संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात दुचाक्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली, की समजावं, शाहू स्मारक भवनात आज बहुधा व्याख्यान आहे.

महाराष्ट्राला व्याख्यानं ऐकायची ही सवय जुनी. पुण्यात वसंत व्याख्यानमाला 1875 साली सुरू झाली, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं. कोल्हापूरचं उदाहरण मात्र मला अधिक जवळचं वाटतं. ‘शिवाजी कोण होता?’ ही कॉम्रेड गोविंद पानसरे यांची पुस्तिका घराघरात गेली. तिचं मूळ 1987 मधल्या त्यांच्या भाषणात आहे. आधी माणसांसमोर बोललं गेलं, मग छापलं गेलं. म्हणूनच ती वाचताना समोर कुणी बसून सांगतंय असं वाटतं. पानसरेंचा तरुण मुलगा अवी गेल्यावर त्याच्या नावानं इथं व्याख्यानमाला उभी राहिली. 2015 च्या फेब्रुवारीत पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी ती थांबली नाही.

मोबाईलवर भाषणं हवी तेवढी मिळतात, खरं आहे. पण तिथं वक्त्याला अडवता येत नाही. सभागृहात शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुढे सरकतात. कुणी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःच भाषण ठोकतो, तेही चालायचंच! मधुमेहावर बोलणाऱ्या डॉक्टरांना कोल्हापूरकर हमखास विचारणार: “ते सगळं ठीक आहे डॉक्टर, पण तांबडा-पांढरा रस्सा चालंल न्हवं?” आणि डॉक्टरांना तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं.