बाज उचलणारे चौघे
(शास्त्रपाठ : योहान ९:१-२३, मार्क २:१-१२)



वाटेवर जन्मांध मनुष्य दिसला तेव्हा शिष्यांनी त्याची विचारपूस केली नाही. पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, एवढेच त्यांनी प्रभूस विचारले. प्रभूने दोघांसही त्या आरोपातून मुक्त केले. हा भाग आपण पुष्कळदा ऐकिला आहे. परंतु त्याच अध्यायात पुढे त्या आईबापांस बोलावून जाब विचारण्यात आला, आणि सभेतून बहिष्कृत होण्याच्या भयाने ती दोघे मोकळेपणाने बोलू शकली नाहीत, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांतही अशी आईबापे आहेत. त्यांचे मूल जन्मतःच मतिमंद असते, वेळेवर चालत नाही, बोलत नाही. ह्याचे कारण काय म्हणून शेजारी विचारतात, सासू विचारते, आणि खेदाची गोष्ट ही की, मंडळीही विचारते.

हे लिहिताना मी स्वतःस वगळीत नाही. एका रविवारी माझा उपदेश चालू असता असेच एक मूल ओरडू लागले. मी बोलणे थांबवून त्याच्या आईकडे पाहिले. शब्द एकही उच्चारिला नाही. ती माउली मुलास कडेवर घेऊन बाहेर गेली, ती दोन महिने आली नाही. मी घरी गेलो तेव्हा म्हणाली, “पास्टरसाहेब, घरात बोलणी खाते, गावात खाते, देवळात तरी नको म्हणून येत नाही.” मी मान खाली घातली. तिला जाब विचारणारी ती सभा मीच भरविली होती.

बंधूंनो, ज्याविषयी आपण दोष देतो ते आधी समजून घ्यावे. डाउन सिंड्रोम नावाच्या अवस्थेत मुलाच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली शास्त्रज्ञांनी दाखविले. आईच्या वयाबरोबर ह्याचा संभव वाढतो खरा; तथापि ते कोणाच्या वागणुकीचे फळ नव्हे. दुसऱ्या कित्येक विकारांत आई व बाप दोघेही निरोगी असून, तोच सदोष जनुक दोघांच्याही ठायी नकळत असतो. तेव्हा दर गरोदरपणी चारांत एक इतका संभव असतो. तो दोघांकडून सारखाच येतो. मग सुनेच्या माहेरास बोल का लावावा? मामा-भाचीची व आतेमामे भावंडांची सोयरीक आपल्याकडे होते, आणि अशा घरच्या सोयरिकीत हा संभव वाढतो. उपदेशकांनी हे लग्न ठरण्यापूर्वी अवश्य सांगावे. मूल झाल्यावर त्याचा ठपका ठेवणे हा क्रूरपणा होय. तसेच भूत काढतो म्हणून पैसे घेणारे, आणि मूल बरे न झाल्यास आईबापांचा विश्वास उणा म्हणणारे, ह्यांस दारात उभे करू नका.

ह्या आईबापांचा भार किती आहे! रात्रीची झोप नाही, मुलास दवाखान्यात न्यावे तर रोज बुडतो, धाकट्या मुलीची सोयरीक मोडते. आणि सर्वांहून जड प्रश्न हा की, आमच्यामागे ह्याचे कोण? ही चिंता अविश्वास नव्हे; हा थकलेल्या जिवाचा हुंदका आहे.

कफर्णहूम येथे पक्षघाती मनुष्याची बाज चौघांनी उचलून आणली व छप्पर उसकटून खाली सोडली. प्रभूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला असे शास्त्र सांगते. म्हणून ज्या घरचा विश्वास थकला आहे, तेथे शेजाऱ्याच्या विश्वासाने खांदा द्यावा. आपल्या गावात मयतास चार खांदेकरी न बोलाविता येतात. मग जिवंत बाजेला का येऊ नयेत?

पहिल्याने आठवड्यातून एक दुपार मुलाजवळ बसावे, म्हणजे आई निश्चिंत निजेल. दुसऱ्याने बापाबरोबर नांदेड किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात जाऊन दिव्यांगत्वाचा दाखला काढावा. २०१६ च्या कायद्यात असे २१ प्रकार मान्य आहेत. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांस निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत उपचाराचा विमा आहे, त्याचा अर्ज भरून द्यावा. तिसऱ्याने त्या घरच्या मुलीची सोयरीक आपल्या घरी करण्यास मागे हटू नये. चौथ्याने आमच्यामागे कोण, ह्या प्रश्नास उत्तर द्यावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे ह्याच चार प्रकारच्या दिव्यांगांस, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून मिळतो. मंडळीतील एखाद्या विश्वासू कुटुंबाने, आईबापांच्या संमतीने, तो भार पत्करावा.

ती बहीण आता पुन्हा येते व पुढच्या सतरंजीवर बसते. मूल अजूनही ओरडते. मी क्षणभर थांबतो, हसतो, आणि पुढे बोलतो. कोणी मागे वळून पाहत नाही. एवढे शिकावयास आम्हांस पुष्कळ दिवस लागले.

प्रियहो, ह्या आठवड्यात आपल्या गावात अशी बाज कोणाच्या अंगणात आहे ते पाहा, आणि काही न विचारता तिचा एक कोपरा धरा. थकलेल्यांस विसावा देणारा प्रभु तुमच्या हातांस बळ देवो. आमेन.