धाब्याचा कठडा

मोशेच्या नियमशास्त्रात घर बांधणाऱ्यासाठी एक लहानसा नियम आहे. 'अनुवाद' ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात तो सापडतो. नव्या घराच्या धाब्याला कठडा घालावा, अन्यथा तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घराला लागतो, असा त्याचा आशय. पडणारा बेसावध होता काय, ह्याची तेथे चौकशी नाही. ज्याने घर बांधले त्याच्यावरच जबाबदारी येते.

परळच्या रहिवाशांना ह्या नियमाचे स्मरण रोज व्हावे अशी परिस्थिती आहे. १९८२ च्या संपानंतर येथील गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. चाळींचा पुनर्विकासही चालू आहे. गिरणी कामगाराला अपघात झाला, तर त्याच्यामागे १९४८ च्या कायद्याने आलेली राज्य विमा योजना होती. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय तिच्यातलेच. आज त्याच जमिनीवर पाटी वाहणारा मनुष्य पुष्कळदा कंत्राटदाराच्या वहीतले नुसते एक नाव असतो, तेही अर्धेच. १ ऑगस्ट २०१५ पासून ही योजना बांधकामाच्या जागीही आली हे खरे. परंतु नावच नोंदवले नाही, तर योजनेने त्याला ओळखावे कसे?

आमच्या ह्या भागातील एका रस्त्याला ना. म. जोशींचे नाव आहे. १९२१ पासून ते मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते आणि १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा त्याच विधिमंडळाने केला. मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी, मुख्य मालकाला कंत्राटदाराच्या आड लपता येऊ नये, आणि हक्क सोडल्याचा कागद करून घेतला तरी तो रद्दबातल ठरावा, अशी त्याची तत्त्वे होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती टिकून आहेत. मात्र भरपाईसाठी आधी विमा उतरवलाच पाहिजे, असे १९२३ च्या कायद्याने सांगितले नाही. आमच्या मते उणीव आहे ती येथे.

२०२० साली ठरलेल्या वेतनमर्यादेने हिशेब केला, तर पंचवीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई सव्वासोळा लाखांहून अधिक होत असे. चार शिड्या आणि दहा मजूर बाळगणारा लहान कंत्राटदार ती आणणार कोठून? मग तो नाहीसा होतो, किंवा शव गावी नेण्याचे भाडे आणि वर थोडे पैसे देऊन विधवेचा अंगठा घेतो. वास्तविक मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नसे. पण हे त्या बाईला कोणी सांगावे? आपल्या देशात साधी स्कूटर विम्यावाचून रस्त्यावर आणता येत नाही. तिच्या धक्क्याने जखमी होणाऱ्या अनोळखी माणसाची कायद्याने जी काळजी केली, ती परांचीवर चढणाऱ्याची का करू नये?

विमा सक्तीचा झाला तर मालक निष्काळजी होईल, अशी शंका काही सुज्ञ लोक घेतात. ती अगदीच पोकळ नाही. म्हणूनच ज्या जागी अपघात अधिक, तेथे हप्ता अधिक, हे तत्त्व विम्यात ठेवावे लागते. शिवाय आजच्या व्यवस्थेत कोण मोठी काळजी घेतली जात आहे? १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर यंत्र कोसळून वीस जण मेले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्याच्या बाळकुममध्ये लिफ्ट कोसळून सात. अशा मोठ्या अपघातांनंतर मदत जाहीर होते. गल्लीतल्या इमारतीवरून एकटा पडणारा मात्र वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातही येत नाही. मदत ही देणाऱ्याच्या दयेवर असते. भरपाई हे देणे आहे. ह्या दोहोंची गल्लत आम्ही ख्रिस्ती लोकही सहज करतो, कारण दान करणे आम्हाला आवडते.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ च्या श्रमाविषयीच्या परिपत्रकात प्रत्यक्ष मालकाबरोबर अप्रत्यक्ष मालकाचाही विचार मांडला. मजुरी हातावर ठेवणारा तेवढाच मालक नव्हे. कामाच्या अटी ज्यांच्यामुळे ठरतात, त्यांच्यावरही जबाबदारी येते. त्यांचा रोख मुख्यतः राज्यसंस्था आणि आर्थिक व्यवस्थेकडे होता. पण पुनर्विकासाच्या करारनाम्यावर सही करणारे आपले कुटुंब ह्या व्याख्येबाहेर राहते, असे आम्हाला वाटत नाही. त्या बैठकांत कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, संक्रमण काळातील भाडे ह्यांवर रात्री उशिरापर्यंत वाद होतात. मजुरांच्या विम्याचे कलम कोणी मागत नाही.

रंगकामाचेही तेच. दोरीला टांगलेल्या फळीवर बसून एक मुलगा आपल्या सातव्या मजल्याची भिंत रंगवतो. कमिटीपुढे तीन दरपत्रके आलेली असतात आणि सर्वांत कमी दराचे मंजूर होते. तो दर कमी का आहे, त्यात मजुरांचा विमा धरला आहे की नाही, हे विचारायला एक सभासद पुरे. विम्याच्या दाखल्याची प्रत काम सुरू होण्यापूर्वी कार्यालयात आणून द्यावी, ही अट त्याच ठरावात लिहिता येते. हप्त्याचा भार शेवटी सर्व सदनिकांवर वाटला जाईल, हे उघड आहे. आणि घर आपले असल्याने तो आपल्यावरच यावयास हवा.