शब्द मोठा की जीव?

ग्रीक पुराणांत सेमेली नावाच्या राजकन्येची कथा आहे. थीब्ज नगरीचा संस्थापक राजा कॅडमस याची ती कन्या. देवांचा राजा झ्यूस तिच्यावर अनुरक्त झाला आणि मानवरूपाने तिच्या महाली येऊ लागला. तिला दिवस राहिले. हे कळताच झ्यूसची पत्नी हीरा मत्सराने पेटली. वृद्ध दाईचे रूप घेऊन ती सेमेलीपाशी आली आणि तिने तिच्या मनात संशय पेरला. रात्री येणारा तो पुरुष खरोखरच देव कशावरून?

सेमेलीने झ्यूसकडे वर मागितला. कोणता, ते न ऐकताच त्याने स्टिक्स या पाताळनदीची शपथ वाहिली. तेव्हा ती म्हणाली, ‘हीरेसमोर ज्या रूपात जातोस, त्याच रूपात मला दर्शन दे.’ इ. स. ८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘मेटामॉर्फसिस’ या काव्यात रोमन कवी ओव्हिड सांगतो, की तिचे शब्द अडवायला देव धडपडला. पण ते उच्चारून झाले होते. मग त्याने त्यातल्या त्यात सौम्य वज्र निवडले. मर्त्य देहाला तेही सोसले नाही. सेमेली जळून गेली. तिच्या उदरातील बालक तेवढे वाचले, तोच डायोनिसस.

या कथेचे तात्पर्य सांगताना बहुधा सेमेलीला दोष दिला जातो. तिने मर्यादा ओलांडली म्हणे! परंतु ज्याचे मूल आपण उदरात वाढवीत आहोत, तो कोण हे जाणण्याची इच्छा पाप कशी ठरावी? परिणाम ठाऊक होता तो एकट्या झ्यूसला. तरीही त्याने शपथ पाळली.

ती मोडणे त्याला अशक्य होते काय? सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचा ग्रीक कवी हेसिअड याने स्टिक्सची शपथ मोडणाऱ्या देवाची शिक्षा सांगितली आहे: एक वर्ष निश्चेष्ट पडून राहायचे आणि पुढे नऊ वर्षे देवसभेतून बहिष्कृत व्हायचे. म्हणजे एकूण दहा वर्षे! ज्याला मरण नाही, त्याला दहा वर्षांचे काय मोल? एका स्त्रीचे प्राण त्याहून स्वस्त ठरले.

संत मार्कच्या शुभवर्तमानात हेच घडते. हेरोद राजा मेजवानीत शपथ घेऊन बसला, आणि पाहुण्यांपुढे शब्द खाली पडू नये म्हणून त्याने योहान बाप्तिस्ताचे शिर कापविले. राजाला वाईट वाटले होते, असेही तेथे नमूद आहे. वाईट वाटले, पण प्रतिष्ठा सुटली नाही. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण स्पष्ट आहे: दुष्कृत्य करण्याची शपथ बंधनकारक नसते. ती घेणे हे एक पाप. ती पाळणे हे दुसरे.

आपल्या घरांतही अशा शपथा असतात. ‘मी चार माणसांत शब्द दिला आहे’ असे म्हणून बाप मुलीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध लावतो. ‘त्याच्या घराची पायरी चढणार नाही’ अशी आण घेतलेला भाऊ भावाच्या अंत्यविधीलाही जात नाही. आणि या हट्टाला आपण बाणेदारपणा म्हणतो!

मग दिलेला शब्द मोडावा काय? तसे नव्हे. विवाहाचे व्रत आणि धर्मगुरूचे व्रत शब्दावरच उभे आहे. परंतु शब्द पाळताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: याची किंमत कोण मोजणार आहे? किंमत मी मोजत असेन, तर ती निष्ठा. माझ्या शब्दापायी निरपराध माणूस चिरडला जात असेल, तर तो केवळ अहंकार.

झ्यूसने शब्द राखला आणि प्रिया गमावली. आपण ज्याची उपासना करतो, त्या परमेश्वरानेही मानवाला वचन दिले होते. ते पाळताना मात्र कालवारीवर तो स्वतः मरणाला सामोरा गेला.